अब्बांचे नवे कान

गायिका अंबुताई कित्तूर धारवाडहून तानपुरा घेऊन आल्या आणि वाद्यांच्या दुकानाची पायरी चढल्यावर त्यांनी तो दस्तगीरच्या हातात न देता गादीवर आडवा ठेवला. दस्तगीरची मुलगी आस्मा सुट्टीसाठी पुण्याहून मिरजेला आली होती आणि आतल्या खोलीत चहा गाळत होती. मधे नुसता पडदा होता, त्यामुळे तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"दस्तगीरभाई, रागावू नका," अंबुताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण या खेपेला जवारी हारुनकडून काढून घेतली तर?"

"काय म्हणालात?"

"जवारी. हारुनकडून घ्यावी म्हणते."

"हां हां, घ्या की. चहा येतोय."

दस्तगीरना काहीच कळलं नव्हतं. अंबुताईंनी हारुनकडे पाहिलं. हारुन, दस्तगीरचा मुलगा, मान खाली घालून खुंटीला पॉलिश लावत राहिला. शेवटी अंबुताईंना ते ओरडूनच सांगावं लागलं.

"तुमच्या हातची जवारी आता बोलत नाही, भाई! हारुनला करू दे!"

समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. दस्तगीर "बरं" म्हणाले, हातातली कानस हारुनपुढे ठेवली आणि चपला घालून निघून गेले. आस्मा कप घेऊन बाहेर आली तेव्हा गादीवर त्यांची जागा रिकामी होती.

तानपुऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं इतका बेताचा उतरवायचा की तार तिला टेकते न टेकते. ते जमलं की एका तारेतून वरचे वरचे सूर उमलत जातात आणि चार तारांचा एक दरवळ होतो. हीच जवारी. कानस एकदा जास्त फिरली तर तार फाटक्या पत्र्यासारखी वाजते. त्याला माप नसतं, कान असावा लागतो. दस्तगीरचा कान असा होता की धारवाडपासून कोलकात्यापर्यंतचे गवय्ये मिरजेला त्यांच्यासाठी थांबत. पण आयुष्यभर घासकाम आणि पॉलिशच्या बफिंग मशीनच्या आवाजात बसून त्यांच्या कानातलं मधल्या पट्टीपासून वरचं सगळं गेलं. खर्ज नीट ऐकू येई, वरची झाक नाही. श्रवणयंत्र लावून पाहिलं, तर त्यातून तानपुरा रेडिओवर वाजल्यासारखा येई. त्यांनी ते काढून डबीत ठेवलं. दर्ग्याच्या उरुसातलं गाणं ऐकायला जाणंही सोडलं.

आस्मा पुण्याजवळ एका कंपनीत प्रथिनं बनवायची. माणसाच्या शरीरातलं एखादं प्रथिन ज्या जनुकावरून तयार होतं, ते जनुक उचलून हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालायचं, त्या पेशी पोलादी टाक्यांत वाढवायच्या आणि त्यांनी बनवलेलं मानवी प्रथिन गाळून, शुद्ध करून, गोठवून सुकवायचं. हाती येतं ते चिमूटभर पांढरं पीठ. जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. प्रत्येक कुपीवर छापलेलं असतं : फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. माणसांवर वापरण्यास मनाई.

त्या वर्षी आस्माच्या हाताखाली ओटोजेनिन नावाचं प्रथिन होतं. आईच्या पोटात बाळाचा कान घडत असताना ते थोडे आठवडे तयार होतं आणि नंतर त्याचं जनुक कायमचं झोपी जातं. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसाळ पेशींची रांग असते, पेटीच्या पट्ट्यांसारखी. एका टोकाची पेशी खर्ज पकडते, दुसऱ्या टोकाची तार सप्तकाच्याही वरचं. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही, म्हणून म्हातारपणचं बहिरेपण बरं होत नाही. पण बहिऱ्या केलेल्या उंदरांच्या कानात ओटोजेनिन सोडलं तेव्हा शेजारच्या आधारपेशी बदलून केसाळ झाल्या आणि टाळी वाजवली की ते उंदीर दचकायला लागले.

अंबुताई येऊन गेल्या त्याच मुक्कामात आस्मानं वडिलांना हे सांगितलं. दोघं गच्चीवर होते. तानपुऱ्यांसाठी साच्यात वाढवलेले भोपळे तिथं उन्हात वाळत घातलेले होते.

"अजून याला औषध म्हणता येत नाही, अब्बा. कुणा माणसाला दिलेलं नाही," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली.

"उंदरांना दिलं म्हणतीस?"

"दिलं. त्यांना ऐकू यायला लागलं."

"मग दे की," दस्तगीर म्हणाले. "उंदराएवढं तरी ऐकू येऊ दे."

सुहास उपाध्ये हा तिचा कॉलेजातला मित्र. सांगलीत कानाघशाचा डॉक्टर होता. कानाच्या पडद्याआड औषध सोडण्याचं इंजेक्शन तो एरवीही द्यायचा, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं कामात काही अवघड नव्हतं. अवघड कुपीवरच्या लेबलाचं होतं.

"हे बेकायदा आहे, तुला ठाऊक आहे ना?"

"ही कुपी माझ्या हातानं गाळलीय, सुहास. दवाखान्यातल्या औषधापेक्षा स्वच्छ आहे."

"स्वच्छतेचं मी बोलतच नाही." त्यानं कुपी उजेडात धरली. "बरं. पण एकच कान करू. वर्षभर बघू, मग दुसरा."

आस्मानं तेवढं मानलं. पण उजव्या कानाला दोनेक महिन्यांत गुण आला, तेव्हा वर्षभर थांबायला ती तयार होईना. सुहासनं पुष्कळ समजावलं. "त्यांच्याकडे किती वर्षं आहेत? तू त्यांना अर्ध्या कानावर ठेवणार?" असं ती म्हणाली आणि त्यानं डावा कानही केला.

दस्तगीरना पहिल्यांदा परत ऐकू आलं ते भांड्यांचं. हारुनची बायको परवीन मोरीत भांडी घासत होती आणि ते ताटावरून उठून तिथं जाऊन उभे राहिले. परवीन घाबरली. "काय झालं अब्बा?" "काही नाही. घास तू," ते म्हणाले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग चिमण्या ऐकू आल्या, फोडणी ऐकू आली, पलीकडच्या गल्लीतलं कुणाचं तरी भांडण ऐकू आलं. आस्मा आठवड्याला येऊ लागली. दाराबाहेरून ती कुजबुजायची, "अब्बा, मी आले," आणि आतून हाक यायची.

"तुझा आवाज बदलला गं," एकदा ते म्हणाले. "पातळ झालाय. दुसऱ्याच कुणाचा वाटतो."

"इतक्या वर्षांनी ऐकताय. सवय होईल."

तिनं ते हसण्यावारी नेलं.

महिनाभरानं दस्तगीर दुकानात येऊन गादीवर बसले. हारुननं तयार करून टांगलेला एक तानपुरा त्यांनी उतरवला, छेडला आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"हे तू गिऱ्हाइकांना देतोस?"

"का?"

"सगळे फाटलेत. खर्ज एकीकडे चाललाय, वरची झाक एकीकडे. तुला ऐकू येत नाही?"

हारुनला धक्काच बसला. बाप बहिरा झाल्यापासूनची सगळी वर्षं त्यानं दुकान सांभाळलं होतं. त्यानं तार छेडून पाहिली. त्याला जवारी भरलेली ऐकू आली, नेहमीसारखी. "अब्बा, हाच तानपुरा कालच्या गिऱ्हाइकानं पसंत केलाय."

"त्याला काय कळतंय! तोंडावर कोण वाईट बोलतं?" असं म्हणून दस्तगीरनी कानस उचलली आणि हारुन बघत असताना त्याची घोडी घासायला घेतली.

रोज हेच व्हायला लागलं. हारुननं पुरं केलेलं काम दस्तगीर मोडायचे. शेवटी हारुननं आस्माला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा दोघं समोरासमोर बसलेले होते, मधे दोन तानपुरे.

"तू शिकलेली आहेस," हारुन म्हणाला. "तूच ते औषध दिलंस. सांग त्यांना, इतक्या वर्षांनी ऐकू आलंय, थोडा दम धरा. माझं काम चुकीचं नाही."

आस्माला तानपुऱ्यातलं काही कळत नव्हतं. लहानपणापासून ती पुस्तकांत, दुकान हारुनचं. पण पेशींतलं कळत होतं, निदान त्या दिवशी तसं वाटत होतं. आणि समोर तिचा बाप होता, ज्याला तिनं ऐकू आणून दिलं होतं.

"भाई, राग मानू नकोस," ती म्हणाली. "अब्बांच्या कानातल्या पेशी आत्ता उगवलेल्या आहेत. तान्ह्या बाळाच्या असतात तशा. तुझे कान चाळिशीचे, त्यात रोज ते बफिंग मशीन. तुला ऐकू येत नाही ते त्यांना येत असेल."

"म्हणजे मीही बहिरा होतोय?"

"मी तसं म्हटलं नाही. सुहासकडे एकदा तपासून घे, एवढंच."

हारुननं तपासून घेतलं. आलेखाची रेघ शेवटाकडे थोडी खाली झुकलेली होती. "या वयाला सगळ्यांचं असंच असतं, काळजीचं कारण नाही," सुहास म्हणाला. हारुननं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो कागदावरच्या त्या झुकलेल्या रेघेकडेच बघत राहिला. त्यानंतर तो बापाशी वाद घालेनासा झाला. कानस हातात घेतली की दोनदोनदा थांबायचा. तार छेडायचा, परत छेडायचा, मग वाद्य बापाकडे सरकवून द्यायचा. उरूस झाल्यावर तो परवीनला घेऊन बंगळूरला गेला. तिथं कार्बन फायबरचे तानपुरे बनवणारा कारखाना होता. घोड्या यंत्र कापून देई, त्याच्याकडे फक्त जुळणी होती.

तो निघताना आस्मानं त्याला फोन केला. "रुसून चाललास का भाई?"

"नाही गं," तो म्हणाला. "ज्याला ऐकू येत नाही त्यानं तिथं बसून काय करायचं?"

पुढचे काही महिने दस्तगीरच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. ते सकाळी दुकान उघडायचे आणि स्वतःशी गुणगुणत जवाऱ्या काढायचे. दुकानातला प्रत्येक तानपुरा त्यांनी नव्यानं केला. अंबुताईंचाही मागवून घेऊन केला. आस्मा त्यांना बघायची आणि तिला वाटायचं, आपण शिकलो त्याचं सार्थक झालं.

मग वाद्यं परत यायला लागली. कुणी हवामानाचं निमित्त सांगे, कुणी गाण्याची पट्टी बदलल्याचं. "यांचे सगळ्यांचे कान गेलेत," दस्तगीर म्हणायचे. "मोबाईलवरचा तानपुरा ऐकून ऐकून गेलेत." पण अंबुताई स्वतः आल्या तेव्हा त्यांना असं म्हणता येईना.

"दस्तगीरभाई, हा माझा तानपुरा नाही," त्या म्हणाल्या. आता त्यांना ओरडावं लागलं नाही. "याच्याबरोबर माझा सा लागत नाही. तुम्ही काय केलंत याला?"

"ताई, याच्याइतकी जवारी मी जन्मात काढली नाही."

"मग मला गाणं येत नसेल," अंबुताई म्हणाल्या आणि तानपुरा ठेवून गेल्या.

आस्मा आली तेव्हा दस्तगीर म्हणाले, "अंबुताई खोटं बोलत नाहीत. मला डॉक्टरकडे घेऊन चल."

सुहासनं आजवर त्यांना दरवेळी एकच चाचणी दिली होती : आवाज आला की बटण दाबा. ते दरवेळी बरोबर दाबत. आज त्यानं वेगळं केलं. एका कानात, नेहमीच्या ध्वनियंत्रातून, त्यानं खालचा सूर लावला आणि दस्तगीरच्या हातात एक चकती दिली. "चाचा, हा तुमचा सा. ही चकती फिरवा आणि याच्या वरच्या सप्तकातला सा लावा."

दस्तगीरनी लावला. अचूक. मग सुहास एकेक सप्तक वर सरकत गेला. मधली पट्टी ओलांडली आणि दस्तगीर जो सूर "हाच सा" म्हणून लावत तो रेकडे सरकलेला निघायला लागला. सुहासनं काही न सांगता पुन्हा करून घेतलं. पुन्हा तेवढाच फरक. दुसऱ्या कानाला त्याहून थोडा निराळा.

तो आस्माला बाहेर घेऊन आला.

"नव्या पेशी उगवल्या," तो म्हणाला, "पण मज्जातंतूंचे जुने दोरे त्यांना शोधत आले ते शेजारच्या पेशीला जाऊन चिकटले. पट्टी एक दाबली जाते, मेंदूला दुसरीच कळते. खालचे सूर जुन्या पेशींतून येतात, ते खरे. वरचे नव्यांतून येतात, ते सरकलेले. बोलणं समजायला त्यानं काही अडत नाही. पण तानपुरा म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांचा मेळच ना?"

"उंदरांत असं काही दिसलं नव्हतं."

"उंदीर दचकला, म्हणजे त्याला ऐकू आलं. काय ऐकू आलं ते त्याला कोण विचारणार?"

"परत जागेवर येईल?"

"नाही. नव्या पेशी मारायचं औषध आहे, पण ते उरलेल्या जुन्याही मारेल."

म्हणजे हारुनचं बरोबर होतं. तेव्हाही, आणि मोडलेल्या प्रत्येक तानपुऱ्याच्या वेळीही. आस्मा दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली.

पुण्याला गेल्यावर तिनं विभागप्रमुख बाईंना सगळं सांगून टाकलं. कंपनीनं ते प्रथिन एका मोठ्या औषध कंपनीला दिलं होतं आणि माणसांवरच्या चाचण्या सुरू व्हायच्या बेतात होत्या. बाईंनी उठून दार लावून घेतलं. "तुझे वडील हा पुरावा होऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना हे औषध दिलंच गेलेलं नाही. समजलं?" चाचण्या ठरल्या वेळी सुरू झाल्या. त्यांतही तेच होतं : आवाज आला की बटण दाबा. निकाल उत्तम यायला लागले. आस्मानं राजीनामा दिला, त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

दस्तगीरना तिनं आधीच सांगितलं होतं, दवाखान्यातून परत येताना गाडीतच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पोराचं काम मोडत होतो," ते म्हणाले.

"तुमची चूक नाही अब्बा. मी सांगितलं म्हणून तुम्ही..."

"मला जे ऐकू आलं ते मी केलं. तुला कुठं ऐकू येत होतं?" मग थोड्या वेळानं, "हारुनकडे जा. फोन करू नकोस, जा. अंबुताईंचा तानपुरा घेऊन जा. म्हणावं, एवढी एक जवारी काढ. मग यायचं असेल तर ये, नसेल तर नको."

राजीनामा देऊन आस्मा बंगळूरला गेली. कारखान्याच्या मागे हारुनची दोन खोल्यांची जागा होती. परवीननं जेवायला वाढलं आणि ती आत निघून गेली. जेवण झाल्यावर आस्मानं भावाला सांगितलं, त्याचं बरोबर होतं, अब्बांचे कान चुकले, ती चुकली.

"तेव्हा मलाही तसंच वाटायचं," हारुन म्हणाला.

"अब्बांनी हा पाठवलाय. एवढी एक काढ म्हणाले."

त्यानं तानपुरा मांडीवर घेतला. जुनी कानस त्यानं जपून ठेवलेली होती. त्यानं तार छेडली, घोडीवर कानस दोनदा फिरवली, परत छेडली. थांबला. परत फिरवली. कान तारेच्या जवळ नेला. आस्माला वाटलं, आता चेहरा खुलेल. तो खुलला नाही. हारुन छेडत राहिला, घासत राहिला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"आस्मा," तो म्हणाला, "बरोबर वाटतंय का गं?"

"मला कुठं कळतंय भाई?"

"आधी मी कुणाला विचारत नव्हतो." त्यानं आणखी एकदा कानस फिरवली आणि तार पत्र्यासारखी वाजली. ती इतकी उघड फाटली होती की आस्मालाही कळलं. हारुननं कानस खाली ठेवली. "गेली ही. घोडी बदलून घ्या दुसऱ्या कुणाकडून. अब्बांना सांग, मला यातलं आता येत नाही. त्यांच्यावर राग नाही म्हणावं."

"माझ्यावर?"

हारुननं तानपुऱ्यावर गवसणी चढवली, नाड्या बांधल्या आणि तो तिच्या हातात दिला. "तुझी गाडी चुकेल," तो म्हणाला.

मिरजेला ती पोचली तेव्हा दस्तगीर दारातच होते. त्यांनी काही न विचारता तानपुरा घेतला, गादीवर बसून गवसणी काढली आणि घोडीवर नव्यानं उमटलेल्या कानशीच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"केली त्यानं?"

आस्मा रस्ताभर शब्द जुळवत आली होती. त्यातला एकही तिच्या तोंडातून आला नाही.

"केली," ती म्हणाली.

दस्तगीरनी तानपुरा उभा धरला, डोळे मिटले आणि चारी तारा एकामागून एक छेडल्या. तो कर्कश आवाज दुकानभर झाला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, खांदे आक्रसले. तरी त्यांनी पुन्हा छेडल्या, पुन्हा ऐकलं. मग डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी ते हसले.

"माझ्या कानाला नुसता पत्रा वाजतोय," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर झालीय. पोराचा हात गेलेला नाही. अंबुताईंना फोन लाव, म्हणावं, या. हारुनच्या हातची आहे."